बरणी आधी उलटी करून पाहा

कोकणातल्या, गोव्यातल्या आणि देशावरच्याही कितीतरी जुन्या घरांत माळ्यावर किंवा कोठीच्या खोलीत एखादं भांडं असं असतं, की त्याचं कूळ कोणालाच धड सांगता येत नाही. कधी ती तपकिरी झिलईची, खांद्यावर चार कान असलेली उंच बरणी असते, कधी निळ्या नक्षीची मोठी बशी, कधी मोर-कमळांनी रंगवलेली फुलदाणी. तिचं वय विचारलं की उत्तर बहुधा दोन ठिकाणांहून येतं: घरात सांगत आलेली हकीकत, नाहीतर बुडावरची न वाचता येणारी अक्षरं. दोन्ही उपयोगाची आहेत, पण दोन्हींची पाळी शेवटी यायला हवी. त्याआधी भांड्याची माती, झिलई, बूड आणि घडण नीट पाहायची असते, आणि पाहताना एक नियम धरून ठेवायचा असतो. वस्तूचं वय तिच्यातल्या सर्वांत जुन्या वाटणाऱ्या लक्षणावरून ठरत नाही, सर्वांत नव्या लक्षणावरून ठरतं. ड्रॅगनचं चित्र कुठल्याही शतकातला कारागीर काढू शकतो. पण बुडावर ‘लिटर’ असा शिक्का असेल, तर ड्रॅगन कितीही प्राचीन दिसला तरी ते भांडं पेशव्यांच्या काळातलं असू शकत नाही. हौशी माणसाच्या चुका बहुतेक इथेच होतात. जुनेपणाची दहा लक्षणं तो हौसेने गोळा करतो आणि अकरावं, अडचणीचं लक्षण सोडून देतो.

सुरुवात करावी ती भांडं कशाचं आहे या प्रश्नापासून. ढोबळमानाने तीन वर्ग आहेत. साधारण हजार ते साडेअकराशे अंशांवर भाजलेली माती सच्छिद्र राहते. झिलई चढवल्याशिवाय तिच्यात पाणी टिकत नाही. बाराशे अंशांच्या वर भाजलेलं स्टोनवेअर दगडासारखं घट्ट होतं. केओलिन ही पांढरी माती घालून तेराशेच्या आसपास भाजलं की पोर्सेलीन मिळतं. ते पातळ असेल तर उजेड आरपार जातो. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. अंधाऱ्या खोलीत काठाच्या मागे मोबाइलचा दिवा धरा. भांडं उलटं करून, बुडाच्या ज्या गोल कडीवर झिलई नसते तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा. माती असेल तर थेंब काही वेळात मुरेल, स्टोनवेअर किंवा पोर्सेलीन असेल तर मोत्यासारखा राहील. एखादा टवका उडालेला असेल तर त्याची आतली बाजू भिंगातून पाहा: मातीचा तुटका भाग भरड आणि रंगीत दिसतो, पोर्सेलीनचा काचेसारखा गुळगुळीत. एवढ्यानेच बऱ्याच आख्यायिका बाजूला होतात. खरं, कठीण पोर्सेलीन युरोपात पद्धतशीरपणे बनू लागलं ते जर्मनीतल्या माइसेन इथे, १७१० मध्ये कारखाना निघाल्यावर. म्हणून एखाद्या घरातली पातळ, पांढरी, आरपार उजेड देणारी बशी सोळाशेच्या दशकांत पोर्तुगालमध्ये बनली असं कोणी म्हणत असेल, तर ते शक्य नाही. ती चीनमध्ये बनून पोर्तुगीज जहाजांतून आली असणं मात्र अगदी शक्य आहे. पोर्तुगीज सरदारांची घराण्याची चिन्हं चिनी कारागिरांकडून रंगवून घेण्याची रीत तेव्हा होतीच, आणि जुन्या गोव्याच्या उत्खननांत चिनी पोर्सेलीनचे तुकडे सापडलेले आहेत. चिन्ह कोणाचं आणि घडवणारे हात कोणाचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता ती कान असलेली बरणी घेऊ, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या घरांत सर्वांत जास्त गोंधळ हिच्याबाबत होतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहून गेलेल्या यान ह्युगेन फान लिन्सखोटेन या डच लेखकाने लिहून ठेवलं आहे, की ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून मोठमोठ्या मातीच्या बरण्या हिंदुस्थानभर जातात आणि जहाजांवर पाणी, तेल, दारू साठवायला वापरल्या जातात. पण त्या बंदरातून निघालेली प्रत्येक बरणी तिथेच घडली होती असं नाही. दक्षिण चीन, थायलंड, व्हिएतनाम इथल्या भट्ट्यांमधून अशाच बरण्या निघत आणि एकाच जहाजात शेजारी-शेजारी रचल्या जात. तेव्हा हातात असलेली बरणी वाचायची कशी? तिला आडवी ठेवून आत दिवा धरा. चाकावर एका दमात वर ओढलेली असेल तर बोटांच्या ओळी सलग, गोल फिरत वर गेलेल्या दिसतील. वेटोळी किंवा वेगळे भाग जोडून घडवलेली असेल तर सांध्यापाशी हाताला उंचवटा लागेल. मोठ्या बरण्या बहुधा अशाच जोडून केलेल्या असत. मग खांद्याकडे या. कान वेगळ्या मातीच्या वळीचे असून अंगठ्याने दाबून चिकटवलेले असतात, आणि पुष्कळदा तो दाब स्पष्ट दिसतो. त्यांतून दोरी ओवून तोंडावरचं झाकण किंवा कापड बांधत. झिलई खाली ओघळत येऊन बुडाच्या वर काही अंतरावर थांबते, तिच्या कडेला दाट थेंब साचतात, कारण भट्टीत ती वितळून बुडापर्यंत पोचली असती तर भांडं खालच्या टेकणाला चिकटून बसलं असतं. बुडाला वाळू किंवा खडे चिकटलेले असतील तर तेही भट्टीचंच चिन्ह आहे, घाण नव्हे, खरवडू नका.

ही सगळी लक्षणं पटली तरी एवढंच म्हणता येतं, की बरणी हाताने घडवलेल्या आशियाई साठवणीच्या भांड्यांच्या कुळातली आहे. त्या कुळाचं आयुष्य कित्येक शतकांचं आहे, आणि घडण फारशी बदललेली नाही. इथे बुडालेली जहाजं मदतीला येतात. फिलिपीन्समध्ये मनिलाजवळ १६०० मध्ये बुडालेल्या ‘सान दिएगो’ या स्पॅनिश जहाजातून अशा शेकडो बरण्या वर काढल्या गेल्या. ‘विटे लेउव’ हे डच जहाज १६१३ मध्ये सेंट हेलेना बेटापाशी बुडालं. त्यातही चिनी पोर्सेलीनबरोबर बरण्या होत्या. जहाज कोणत्या वर्षी बुडालं हे पक्कं माहीत असल्यामुळे त्यातली प्रत्येक वस्तू त्या वर्षाआधीची ठरते. आपल्या बरणीचा गळा, कानांची ठेवण, खांद्यावरची नक्षी यांची तुलना अशा मालाच्या छायाचित्रांशी केली, तर ‘फार जुनी’ यापेक्षा नेमकं काहीतरी हाती लागतं. तुलना करताना आकार आधी जुळवा, रंग नंतर. तपकिरी रंग लोहामुळे येतो आणि एकाच भट्टीत, आचेच्या कमी-जास्त फरकाने, पिवळसर ते जवळजवळ काळा असा बदलतो.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे वरचा भाग तपकिरी आणि खालचा पांढरट अशी लोणच्याची बरणी. ती बहुतेक घरांत आहे आणि हल्ली जुन्या बाजारात तिला ‘अँटिक’ म्हणून भाव मिळतो. तिचा मान आहेच. पिढ्यान्‌पिढ्यांची कैरी तिने सांभाळली. पण या बरण्या विसाव्या शतकातल्या कारखानदारीच्या आहेत. सौराष्ट्रातला थानगढ, मोरबी, वांकानेर हा भाग त्यासाठी प्रसिद्ध होता. परशुराम पॉटरी हे नाव त्याच भागातलं. अशा बरणीवर मापाचा आकडा उठवलेला असतो. भारतात वजनमापांची दशमान पद्धत १९५६ च्या कायद्याने ठरली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, म्हणून लिटर किंवा किलो लिहिलेली देशी बरणी त्या सुमाराच्या आधीची धरता येत नाही. शेर, पौंड किंवा गॅलन असेल तर बरणी त्याआधीची असण्याची शक्यता वाढते, खात्री होत नाही, कारण जुनी मापं लोकांच्या तोंडी नंतरही राहिली. नियम कसा एकाच दिशेने काम करतो ते इथे दिसतं. नवं लक्षण वयाची मर्यादा घालतं. जुनं लक्षण फक्त शक्यता उघडी ठेवतं.

निळ्या-पांढऱ्या बश्यांबाबत पहिला निवाडा कुंचला की छाप हा असतो, आणि तो घड्याळजी वापरतात तसल्या दहापट भिंगाने पाच मिनिटांत होतो. हाताने रंगवलेल्या रेषेची जाडी बदलते. कुंचला जिथे टेकला किंवा उचलला तिथे निळा दाट साचतो, आणि भरलेल्या पानात आधीच्या फटकाऱ्यावर दुसरा फटकारा चढलेला दिसतो. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या बश्या छापील असतात. तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यावरून पातळ कागदावर छाप घ्यायचा आणि तो कागद बशीवर दाबायचा, अशी ती पद्धत. म्हणून तिच्यात सगळ्या रेषा बारीक कोरलेल्या, छटा ठिपक्यांच्या, आणि काठाच्या वेलबुट्टीत कुठेतरी एक जागा अशी, की जिथे कागदाची दोन टोकं नीट जुळलेली नाहीत. ती जागा शोधाच. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत झिलईखालची ही निळी छपाई तिथे रुळली, त्यामुळे छापील बशी त्याआधीची नाही. विलोचं झाड, पूल आणि दोन पक्षी असलेली ‘चिनी’ बशी घरोघरी चीनची समजली जाते. ती नक्षी इंग्लंडमध्ये रचलेली आहे. आणि भिंगाखाली जर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे एकसारखे, ओळीत बसलेले रंगीत ठिपके दिसले, तर चित्र यांत्रिक छपाईच्या चिकटचित्राचं, म्हणजे आधुनिक आहे. त्यापुढे बाकीच्या लक्षणांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

यावर कोणी म्हणेल, बुडावर सरळ लिहिलेलं असताना एवढा खटाटोप कशाला? चिनी भांड्यांपुरतं उत्तर स्पष्ट आहे: लिहिलेलं बरेचदा खरं नसतं. मिंग काळातल्या शुआंदे (१४२६–१४३५) आणि चंगह्वा (१४६५–१४८७) या बादशहांची नावं पुढच्या शतकांतल्या कारागिरांनी सर्रास घातली. त्यात फसवण्याचा हेतू असेच असं नाही; थोर काळाला मान देण्याचा भागही होता. १६७७ मध्ये जिंगदेजेन या चिनी पोर्सेलीनच्या शहरातल्या अधिकाऱ्याने चालू बादशहा खांग्शी याचं नाव भांड्यांवर घालायला मनाई केली, तेव्हा जुन्या बादशहांची नावं आणखी चालली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुद्द खांग्शीचं नाव घातलेला माल भरपूर निघाला. म्हणजे चिनी खूण वाचता आली तरी तिचा अर्थ ‘या बादशहाच्या आधीचं नाही’ इतकाच. इंग्रजी खुणा तुलनेने प्रामाणिक आहेत आणि त्यांतून नेमकी खालची मर्यादा मिळते. चौकटीसारखी चौकोनी, कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असलेली नोंदणीची खूण १८४२ ते १८८३ या काळातली. १८८४ पासून तिच्या जागी साधा नोंदणी क्रमांक आला. त्या तारखा आराखड्याच्या नोंदणीच्या आहेत, ती बशी भाजल्याच्या नाहीत, हे विसरू नये. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे खुणेत ‘इंग्लंड’ किंवा ‘चायना’ असेल तर माल बहुधा त्यानंतरचा. ‘मेड इन’ हे शब्द आले की विसावं शतक धरावं. ‘निप्पॉन’ हा शब्द जपानी मालावर १८९१ ते १९२१ च्या दरम्यान दिसतो, नंतर ‘जपान’.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सर्वांत नव्या लक्षणाला निर्णायक मानलं तर नंतर केलेल्या दुरुस्तीमुळे खरोखर जुनी वस्तू नवी ठरेल, असं म्हणता येईल. हे खरं आहे, म्हणून नियमाला एक अट आहे: ते लक्षण भट्टीत भाजलं गेलेलं, मूळ घडणीचा भाग असलं पाहिजे. झाकण अनेकदा दुसऱ्या भांड्याचं असतं. त्याची झिलई आणि माती बरणीशी जुळते का ते वेगळं पाहा. फुटलेल्या बशीला मागून धातूच्या तारेचे टाके घातलेले असतील तर ते टाके बशीहून नवे आहेत, आणि ते काढू नका. ती बशी कोणाला तरी टाकवली नाही याचा तो पुरावा आहे. नव्या दुरुस्तीचा रंग आणि गोंद डोळ्यांना चुकवतो, पण नोटा तपासायच्या स्वस्त जांभळ्या दिव्याखाली तो भाग बाकीच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. झिजेलाही हाच विचार लावा. खऱ्या वापराची झीज जिथे वस्तू टेकते आणि घासते तिथे असते: बुडाच्या कडीवर, काठावर, आणि बशी एकीवर एक रचली जात असेल तर वरच्या बशीची कडी जिथे बसे तिथे. संपूर्ण अंगभर सारखीच मळकट, खोलगट जागी चहाच्या रंगाचा थर असलेली वस्तू मुद्दाम जुनी केलेली असण्याची शक्यता असते.

मग घरातल्या हकीकतीचं काय करायचं? ती खोटी ठरवण्याचं कारण नाही. हकीकत वय क्वचितच बरोबर सांगते, वाट मात्र पुष्कळदा बरोबर सांगते. मुंबईतल्या पारशी घराण्यांत चीनशी व्यापाराच्या निमित्ताने पोर्सेलीन आलं. कोकणातले, गोव्यातले लोक जहाजांवर आणि रंगूनला नोकरीला होते. रत्नागिरीत ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत होता, त्यामुळे तिथल्या परक्या दिसणाऱ्या भांड्याला ‘थिबा राजाचं’ म्हणण्याचा मोह होणारच. अशा वेळी हकीकतीतून तपासता येतील असे प्रश्न काढावेत. भांडं आपल्या घरात कोणाच्या हयातीत आलं, लग्नात की वाटणीत की लिलावात, आणि ती व्यक्ती तेव्हा कुठे राहत होती? पणजीच्या लग्नाचं साल काढता येतं, वाटणीपत्रात नोंद सापडू शकते, एखाद्या जुन्या फोटोत पाठीमागे तीच फुलदाणी असू शकते. वस्तूची सर्वांत नवी खूण आणि कुटुंबातली सर्वांत जुनी पक्की नोंद, या दोन्हींच्या मधे तिचं वय असतं. हकीकत त्या दोन टोकांत बसली तर तिचं वजन खूप वाढतं.

कधीकधी या तपासातून अपेक्षेपेक्षा अधिक मोलाचं निघतं. फुलदाणी लालसर मातीची, त्यावर पांढरा थर, वर रंगीत चित्रं आणि चकचकीत झिलई. घरात तिला इराणी किंवा चिनी म्हणतात. पण माती साधी, नक्षीत अजिंठ्याच्या आकृत्यांची आठवण. मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या पुढाकाराने अशी भांडी बनत होती, सिंधमधल्या कुंभारकामाची आणि अजिंठ्याच्या चित्रांची छाप त्यांवर होती, आणि मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहायला मिळतात. ही आपल्याच शहरातली कला आहे, आणि केवळ ‘परदेशी असेल’ या समजुतीपायी तिचं नाव विसरलं जावं, हे मला फार खुपतं.

प्रयोगशाळेत पाठवलं की संशयच संपेल, असंही पुष्कळांना वाटतं. थर्मोल्युमिनेसन्स ही तपासणी वस्तू शेवटची केव्हा भाजली गेली ते सांगते. पण तिच्यासाठी वस्तूला भोक पाडून भुकटी काढावी लागते, तारीख नेमकी नसून बऱ्याच वर्षांच्या फरकाने येते, आणि शंभर-सव्वाशे वर्षांच्या वस्तूत मोजण्याजोगा संकेतच थोडा असतो. हजार वर्षांचा दावा असलेल्या मूर्तीला ती ठीक. घरच्या बरणीला नव्हे. मोबाइलवर फोटो टाकून येणारी उत्तरं चित्राशी चित्र जुळवतात, त्यांना बुडाची कडी दिसत नाही आणि हाताला वजन कळत नाही. तज्ज्ञाकडे जरूर जावं, आणि शक्यतो जो तीच वस्तू विकत घ्यायला उत्सुक नाही अशाकडे. जाताना उंची, तोंडाचा व्यास, वजन, बाजूने, आतून आणि बुडाचा फोटो, खुणेचा जवळून फोटो, आणि घरातली हकीकत कोणी सांगितली त्याच्या नावासह लिहून न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातली चिनी आणि जपानी भांडी आहेत. आपली नोंद हातात घेऊन ती पाहिली, तर कपाटातल्या काचेपलीकडूनही पुष्कळ कळतं.

तपास संपेपर्यंत भांडं घासू नका. आम्लाने किंवा ब्लीचने धुतलं तर बुडाची वाळू, झिलईतला जुना डाग, कधी वरचा सोनेरी मुलामासुद्धा जातो. रंगीत, कमी आचेच्या झिलईत शिसं असू शकतं आणि लोणचं, चिंच, आमसूल यांच्या आंबटपणाने ते अन्नात उतरतं, म्हणून ओळख न पटलेल्या भांड्यात खाण्याचं काही ठेवू नये. आणि परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांकडे ते पाठवण्याचा विचार असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेऊन ठेवावा, नाहीतर विमानतळावर अडचण होते. त्या दाखल्यासाठी अर्ज करताना वर सांगितलेलीच नोंद, फोटो आणि मापं कामाला येतात.